घरच्या सर्व्हरवर मीटिंग बुकिंगचं टूल: गुहागरातून जमेल का?

चिरेबंदी_गुहागर

मंडळी नमस्कार. थोडं लांबणार आहे, पण एकदाच सगळं लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको.

मी गुहागरला सिव्हिलची कामं घेतो, घरांचे प्लॅन, जुन्या घरांची दुरुस्ती, चिऱ्याची बांधकामं. गिऱ्हाईक बरंचसं मुंबई-पुण्याचं चाकरमानी आणि काही कुवेत-दुबईला असलेले. म्हणजे साईट इथे, मालक तिथे आणि बोलणं सगळं व्हिडिओ कॉलवर. वेळ ठरवायचं जे व्हॉट्सॲपवर चालतं ना त्याने डोकं फिरलंय, उद्या चालेल का, नको परवा, बघू रात्री ९ नंतर, आणि मग मी जेवायला बसलो की बरोब्बर कॉल. लिंक पाठवली की समोरचा आपणच वेळ निवडतो अशी एक तयार सेवा वापरून बघितली, पण फुकटात एकाच प्रकारची भेट ठेवता येते आणि पुढचं सगळं डॉलरमध्ये, शिवाय लोकांचे नंबर, पत्ते कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार तेही पटत नाही.

भावाने मुंबईहून ऑफिसातून निघालेला एक जुना मिनी पीसी आणून दिलाय, सहाव्या जनरेशनचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी. डेबियन लिनक्स टाकलंय, डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवायची सोय) चालतंय, इथवर आलोय. त्यावर कॅल डॉट कॉम, म्हणजे तसंच लिंकवरून वेळ निवडू देणारं टूल, चढवायचा विचार आहे. घरात फायबर आहे, स्पीड चांगला मिळतो. अडलंय ते असं: राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून येणारं या मशीनकडे वळवूनही) बाहेरून काहीच उघडत नाही. घरच्या वायफायवर दिसतं, मोबाईल डेटावर गेलं की नाही. दुसरं म्हणजे पावसात लाईट जाते-येते तेव्हा काय करायचं. तिसरं, बुकिंग झाल्याचे मेल घरूनच पाठवता येतात का.

आणि साईट व्हिजिटपण यातूनच ठरवायच्यात. सकाळी गुहागरात आणि दुपारी दापोली बाजूला काम असलं तर धोपावे-दाभोळ फेरीबोट धरून पलीकडे जावं लागतं, त्यामुळे मध्ये भरपूर वेळ मोकळा लागतो. हे टूलला कसं कळणार? अजून एक, सामाईक जमिनीवर घर असेल तर सगळे हिस्सेदार एका वेळी कॉलवर लागतात, त्यांची एक वेळ जुळवणं म्हणजे दिव्यच आहे. यातून तेही होईल का? कोणी कोकणात राहून असं काही चालवत असेल तर प्लीज सांगा, पुण्यातल्या सोसायटीत बसून सगळंच सोपं असतं.

रूट_ॲट_रत्नागिरी

पोर्टचं आधी. राऊटरच्या पानावर जाऊन वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अख्ख्या चाळीला मिळून एकच पोस्टाची पेटी, पत्र आलं तरी तुमच्या खोलीपर्यंत पोचत नाही. कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. काही इंटरनेटवाले जादा पैसे घेऊन स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा) देतात, विचारून बघा, पण तो नसला तरी काम होतं.

कसं, तर टनेल. क्लाऊडफ्लेअर टनेल घ्या, त्याचा छोटा प्रोग्राम तुमच्या मशीनवर बसतो आणि तोच आतून बाहेर कनेक्शन लावतो, राऊटरमध्ये काही उघडावंच लागत नाही. स्वतःचं डोमेन पाहिजे आणि त्याचे नेमसर्व्हर तिकडे वळवावे लागतात, बास. डोमेन नसेल तर टेलस्केलचं फनेल आहे, पण त्यात पत्ता त्यांनी दिलेला असतो, गिऱ्हाइकाला पाठवायला जरा विचित्र दिसतो. एक गोष्ट माहीत असू दे, क्लाऊडफ्लेअरच्या टनेलमधून जाणारं सगळं त्यांच्या सर्व्हरवर एकदा उघडलं जातं आणि मग तुमच्याकडे येतं. तुम्हाला नंबर-पत्ते परदेशात जाणं पटत नाही म्हणालात म्हणून सांगतो, त्या हिशोबाने हा उपाय अर्धाच आहे. पूर्ण पाहिजे असेल तर एक अगदी लहान व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा, त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्डचा खाजगी टनेल टाकायचा, आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट घरच्या मशीनवरच ठेवायचं, म्हणजे मधल्याला फक्त गोळामोळा झालेला डेटा दिसतो. मला विचाराल तर सुरुवात टनेलने करा, बुकिंगच्या पानावर नाव, नंबर आणि वेळ एवढंच मागा, जमिनीची कागदपत्रं तिथे मागूच नका.

आता कॅल डॉट कॉमबद्दल. हे २०२१ मध्ये कॅलेन्डसो नावाने आलं, अजूनही त्याच्या सेटिंगच्या फाईलीत एनक्रिप्शनच्या कीला तेच जुनं नाव आहे त्यामुळे गोंधळू नका. नेक्स्ट जेएसवर बांधलंय, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो. सोर्स कोडवरून स्वतः बिल्ड करायच्या फंदात पडू नका, बिल्ड चालू असताना रॅम एवढी खातं की छोट्या मशीनवर नोड मेमरी संपली म्हणून मधेच मान टाकतो. तयार डॉकर इमेज घ्या. पण त्याआधी डोमेन नक्की करा कारण वेबसाईटचा पत्ता बिल्डमध्येच बसवलेला असतो आणि तो लोकलहोस्ट (म्हणजे ‘हेच मशीन’) राहिला तर गिऱ्हाइकाला जाणाऱ्या मेलमधली लिंकपण लोकलहोस्टची जाते, तो बिचारा दाबत बसतो. लायसनचं म्हणाल तर मोफत भाग कुठला आणि पैशाचा कुठला हे टाकायच्या दिवशी त्यांच्या कोडच्या रिपॉझिटरीत जाऊन स्वतः वाचा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका.

त्याचा स्वतःचा व्हिडिओ कॉल जो आहे तो आतून दुसऱ्या कंपनीची सेवा वापरतो, स्वतः होस्ट केलं की त्याची वेगळी की लागते. त्यापेक्षा गूगल मीट जोडा नाहीतर सरळ जित्सी या ओपन सोर्स व्हिडिओ कॉलची लिंक द्या. आणि उत्साहाच्या भरात जित्सीपण घरीच टाकू नका, त्याचा व्हिडिओ यूडीपीच्या १०००० पोर्टवरून जातो, तो तुमच्या टनेलमधून जाणार नाही.

मेल घरून? नको. घरगुती आयपीवरून थेट मेल गेला की समोरचा एकतर घेतच नाही किंवा स्पॅममध्ये टाकतो, या आयपींच्या याद्याच बनलेल्या आहेत. जीमेलला टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा आणि पोर्ट ५८७ वरून पाठवा. साध्या जीमेलला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, तुमच्या धंद्याला ती पुरून उरेल.

लाईटचं रात्री लिहितो, आता आमच्याकडेच गेलीय.

पनवेलच्या_पलीकडे

सगळं ठीक आहे पण मुळातच घरी कशाला? रूटभाऊ, तुम्हीच म्हणताय की लहान व्हीपीएस घ्या, मग त्यावरच अख्खं टूल ठेवा ना, मुंबई-बंगळुरात डेटा सेंटर असलेले कितीतरी आहेत, डेटा देशातच राहील. बुकिंगचं पान ही अशी गोष्ट आहे की तुम्ही झोपलेले असताना, फेरीबोटीत रेंज नसताना, तेव्हाच ती चालू पाहिजे. फोटोंचा सर्व्हर घरी ठेवा, सिनेमे घरी ठेवा, दोन दिवस बंद पडला तर घरचेच ओरडतील. गिऱ्हाईक ओरडत नाही, ते दुसऱ्या इंजिनिअरकडे जातं.

मी दापोलीकडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी गावांना आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, टॉवर आडवे, रस्त्यात माड-पोफळी. त्या वेळी तुमचा मिनी पीसी यूपीएसवर किती वेळ तग धरणार? तुम्ही शिकायला म्हणून करत असाल तर जरूर करा. धंद्यासाठी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, भाडं भरा आणि मोकळे व्हा.

रूट_ॲट_रत्नागिरी

लाईट आली. पनवेलवाल्यांचं म्हणणं चूक नाही, पण निसर्गसारखं वादळ आलं तर त्या आठवड्यात कोणी प्लॅन पास करायची मीटिंग लावणार नाहीये, पत्रे शोधत फिरतील लोक. प्रश्न आहे तो रोजच्या अर्ध्या-एक तासाच्या जाण्या-येण्याचा आणि तो सुटतो.

असला मिनी पीसी नुसता बसलेला असताना साधारण १० ते १५ वॅट घेतो, फायबरचा डबा आणि राऊटर धरून २५ धरा. महिन्याला १८ युनिट. घरात इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल आणि त्यावर पंखे-टीव्ही न लावता फक्त एवढंच ठेवलं तर एक अख्खा दिवस आरामात निघतो. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग लावा, बहुतेक ऑफिसवाल्या मशीनमध्ये असतं, आणि डॉकरच्या कंटेनरांना रीस्टार्ट पॉलिसी द्या, म्हणजे ते आपणहून परत सुरू होतात. नाहीतर लाईट येते, मशीन तसंच बंद, आणि तुम्ही पलीकडच्या काठावर.

खरी गंमत अशी की तुमच्या घरात लाईट असते पण नाक्यावरच्या खांबावर इंटरनेटवाल्याचा जो डबा असतो त्याची बॅटरी उतरते. घर चालू, नेट बंद. त्याला उपाय म्हणजे ४जी डोंगल असलेला राऊटर, फायबर गेला की सिमवर जाणारा. आणि इथे टनेलचा फायदा कळतो, कनेक्शन आतून बाहेर जातं त्यामुळे फायबर असो की सिम, पत्ता तोच राहतो, मधे मिनीटभर तुटतं फक्त. टॉवरच झोपला तर मग इलाज नाही.

वीज कडाडते तेव्हाचं वेगळं. फायबर काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही असं लोक म्हणतात, पण खांबावरून घरात येणाऱ्या केबलीत आधाराला बरेचदा लोखंडी तार असते, ती घराबाहेरच तोडून घ्या. अर्थिंग तपासा, जुन्या घरांत बहुतेक नुसतं नावाला असतं, तुम्हाला हे मी सांगायला नको. आणि मशीन खिडकीत ठेवू नका, खाऱ्या हवेने पोर्टवर हिरवं चढतं.

बंद पडल्याचं कळावं म्हणून त्याच मशीनवर मॉनिटर बसवतात काही लोक, त्याला अर्थ नाही, मशीनबरोबर तोही जातो. बाहेरचा पाहिजे, ज्याला तुमच्या घरून दर पाच मिनिटांनी मी आहे असा निरोप जातो आणि निरोप आला नाही की तो तुम्हाला मेल करतो.

कुडाळचो_कर्नल

अरे बाबा, तू दोन वेगळे प्रश्न एकत्र करतंस. मी काय सांगतंय ता ऐक. (बाकीच्यांसाठी शुद्धात लिहितो.)

एक माणूस, त्याची मोकळी वेळ, समोरचा येऊन त्यातली एक उचलतो, हे झालं बुकिंग. हिस्सेदारांचं तसं नाही. तिथे कोणाचीच वेळ मुख्य नसते, बोरिवलीचा काका, डोंबिवलीची आत्या, कुवेतचा चुलतभाऊ, एक गावात राहून सगळ्यांवर रागावलेला. यांना बुकिंगची लिंक दिलीस तर जो पहिला दाबेल त्याची वेळ ठरणार आणि बाकीचे म्हणणार आम्हाला विचारलं नाही. मग नकाशाआधी तोच वाद. त्यांच्यासाठी पोल पाहिजे. चार-पाच वेळा मांडायच्या, प्रत्येकाने हो, नाही, बघतो यातलं टिक करायचं, आणि ज्याला जास्त हो ती वेळ तू पक्की करायची. याला रॅली नावाचं ओपन सोर्स टूल आहे, इंग्रजीत त्याच्या नावात एल तीनदा येतो, शोधताना ध्यानात ठेव. त्यालापण पोस्टग्रेस आणि मेलची सेटिंग लागते, पण कॅलपेक्षा कितीतरी हलकं. भाग घेणाऱ्याला खातं उघडावं लागत नाही, नाव टाकलं की झालं. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचं फ्रामाडेटपण आहे याच कामाचं, तेही ओपन सोर्स.

आखातातल्यांना वेळ देताना एवढं बघ, कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. तुझे रात्री ९ म्हणजे कुवेतला साडेसहा, माणूस ड्युटीवरून येत असतो. कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवार, दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणून शुक्रवार तुझ्या कॅलेंडरात उघडा ठेव, जुम्म्याच्या नमाजाची वेळ सोडून. टूल समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, ती काळजी नको, फक्त तुझ्या प्रोफाईलला एशिया-कोलकाता आहे ना ते बघून घे, तिथे यूटीसी (ग्रीनिचची वेळ) राहिली तर सकाळी १० चा कॉल दुपारी साडेतीनला लागेल आणि तुका कळाचा नाय काय झाला ता.

दाढदुखी_चिपळूण

माझा चिपळूणला दातांचा दवाखाना आहे, सर्व्हरवाली नाही, पण भाच्याने ईझी अपॉइंटमेंट्स बसवून दिलंय ते चालवतेय म्हणून लिहिते. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं असं तो सांगतो, त्यामुळे जुन्या मशीनवरही सुखात असतं. सेवा किती मिनिटांची, कामाचे तास, जेवणाची सुट्टी हे सगळं नीट टाकता येतं. दिसायला कॅलएवढं देखणं नाही. दादा, तुम्ही एकटेच आहात, तुम्हाला एवढं मोठं कॅल कशाला हवंय हा प्रश्न मला पडलाय, पण ते तुम्ही जाणकार मंडळी ठरवा.

मला सांगायचंय ते वेगळंच. लिंक दिली म्हणून लोक लिंक वापरत नाहीत. तिशी-चाळिशीतले वापरतात, त्यांच्या आई-वडिलांची अपॉइंटमेंटसुद्धा तेच मुंबईत बसून घेतात, पण साठीच्या पुढचा माणूस फोनच करतो आणि करणारच. त्यामुळे फोनवर आलेली वेळ तिथल्या तिथे स्वतः टाकायची सवय लावून घ्या, नाहीतर लिंकवाला आणि फोनवाला एकाच वेळी दारात. माझ्याकडे रिसेप्शनची मुलगी हेच काम करते. तुम्ही साईटवर धुळीत उभे असणार, तेव्हा मोबाईलवरून पटकन टाकता येईल असं बघा.

आणि बॅकअप गावाबाहेर ठेवा हो. २२ जुलै २०२१ ला इथे जे पाणी आलं त्यात बाजारपेठेतल्या दुकानांचे कॉम्प्युटर आणि शेजारच्याच कपाटातल्या बॅकअपच्या डिस्का, दोन्ही एकाच चिखलात होत्या.

चिरेबंदी_गुहागर

सगळ्यांचे आभार, खरंच. वॅनचा आयपी १००.७० च्या घरात काहीतरी आहे, म्हणजे रूटभाऊंनी सांगितलं तेच निघालं. डॉक्टर ताई, फोनवाल्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आला.

कॅलच ठेवतो कारण भेटींचे प्रकार वेगळे लागणार, कॉल अर्ध्या तासाचा, साईट व्हिजिट अर्ध्या दिवसाची. रॅली वेगळं टाकतो. पनवेलभाऊ, तुमचा राग नको, एक पावसाळा घरी चालवून बघतो, नाहीच जमलं तर तोच डॉकर उचलून व्हीपीएसवर.

दोनच शंका राहिल्या. एक, फेरीबोटीचा मोकळा वेळ कसा लावायचा. दुसरं, गूगल कॅलेंडर जोडायला गेलो तर आधी स्वतःचा प्रोजेक्ट बनवा, टेस्ट युजर टाका असं बरंच काही आलं, ते सगळं केलं आणि जोडलं गेलं, पण आठवड्याने आपोआप तुटलंय. परत जोडलं, चालतंय. हे असंच दर आठवड्याला करायचं का?

रूट_ॲट_रत्नागिरी

नाही नाही. तुमचा प्रोजेक्ट गूगलकडे टेस्टिंग स्थितीत आहे, त्या स्थितीत जी परवानगी मिळते ती ७ दिवसांनी संपते, नियमच आहे तसा. कन्सोलमध्ये जाऊन तो प्रॉडक्शनमध्ये ढकला. व्हेरिफिकेशन केलेलं नसल्यामुळे जोडताना लाल पाटी येईल, ॲप तुमचंच आहे तेव्हा पुढे जा. १०० युजरची मर्यादा असते, तुम्ही एकटे. नंतर एकदा परत जोडावं लागेल, मग तुटणार नाही.

गूगल नकोच असेल तर रॅडिकेल नावाचा छोटासा कॅलडॅव्ह (कॅलेंडर जुळवून ठेवणारा) सर्व्हर त्याच मशीनवर चालतो, कॅलला तो जोडता येतो, आणि अँड्रॉइडवर डॅव्हएक्स फाईव्ह हे ॲप टाकलं की फोनच्या नेहमीच्या कॅलेंडरात दिसतं. फक्त कॅलेंडरची नुसती आयसीएस (वाचण्यापुरती) लिंक गूगलमध्ये टाकून काम भागवू नका, गूगल ती कित्येक तासांनी ताजी करतं आणि तेवढ्यात दोघं जण एकच वेळ घेऊन बसतात.

फेरीबोटीसाठी भेटीच्या सेटिंगमध्ये आधीचा आणि नंतरचा बफर (राखीव मोकळा वेळ) असतो. पण मी साईट व्हिजिटचे दोन प्रकार करेन, अलीकडची आणि खाडीपलीकडची, पलीकडचीला मोठा बफर आणि ठरलेल्या वारीच उघडी. पावसाळ्यात तिचे वार कमीच ठेवा. शिवाय व्हिजिटला तुमची मंजुरी लागेल असं लावा, म्हणजे समोरच्याने वेळ मागितली तरी तुम्ही हो म्हटल्याशिवाय पक्की होत नाही. कमीत कमी किती आधी बुक करायचं तेही घाला, नाहीतर गणपतीत आलेला चाकरमानी सकाळी उठून दुपारची व्हिजिट मागतो, आणि त्या दिवसांत सगळ्यांनाच व्हिजिट पाहिजे असते म्हणून दिवसाला किती घ्यायच्या ती मर्यादा त्याच आठवड्यासाठी वेगळी बघा. वयस्कर मंडळींसाठी भेटीचं ठिकाण म्हणून फोन नंबर ठेवता येतो, तुम्हीच त्यांना लावायचा, लिंक वगैरे काही नाही.

बॅकअपमध्ये नुसता पोस्टग्रेसचा डंप (डेटाची प्रत) घेऊन थांबू नका, सेटिंगची फाईलपण घ्या. ती एनक्रिप्शनची की हरवली तर डंप असूनही जोडलेली कॅलेंडरं उघडत नाहीत, सगळी नव्याने जोडावी लागतात. दोन्ही रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने गुंडाळून भावाकडे मुंबईला पाठवा, त्याचा पासवर्ड कागदावर. आणि एकदा रिकाम्या मशीनवर परत चढवून बघा.

कुडाळचो_कर्नल

तो कागद पण त्याच घरात ठेवू नको रे.

आणि रॅलीत वेळा मांडताना रविवार सकाळ टाकू नको, मटण आणूक गेलेलो माणूस टिक करणा नाय.